उकळीपुरती जागा

आईच्या उजव्या मनगटावर, बांगड्या जिथे येऊन थांबतात तिथे, एक फिकट चट्टा आहे. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणातला. त्या दिवशी गोव्यात, आमच्या डिचोलीत पाऊस धरून राहिला होता, सिलिंडर संपला होता आणि आईला कषाय, म्हणजे काढा, हवा होता. तिने गुळगुळीत काचेच्या मगात पाणी घेतलं, मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. मध्येच फोन आला, पाणी आत तसंच राहिलं. परत येऊन तिने तेच पाणी पुन्हा तापवलं. काचेचा मग बाहेर काढला तेव्हा पाणी अगदी निवांत होतं. तिने चमचाभर कषायाची पूड त्यात टाकली आणि मगातलं पाणी उसळून थेट तिच्या हातावर आलं.

"उदक उकळूंकच नाशिल्लें गो," दवाखान्यात जाताना रिक्षात ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. आमच्या घरात बोलणं कोंकणीतून आणि लिहिणं-वाचणं मराठीतून, त्यामुळे तिचं दुखणं नेहमी कोंकणीतच येतं. "एकही बुडबुडा नव्हता. मी बघितलं ना!"

मी शाळेत विज्ञान शिकवते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं हे वाक्य मी किती वर्गांकडून वदवून घेतलं असेल, त्याची मोजदाद नाही. त्या दिवशी मी आईला म्हटलं, "उकळल्याशिवाय असं होईल कसं? तुझं लक्ष नसेल." ती गप्प बसली. भाजलेल्या हातापेक्षा मुलीने खोटं ठरवलं याचं तिला जास्त लागलं, हे मला रात्री उशिरा कळलं. आणि तिचंच खरं होतं, हे आणखी दोन दिवसांनी.

पाणी उकळलेलं नव्हतं. ते उकळण्याच्या पुढे गेलं होतं.

आपली भाषा यात माझ्यापेक्षा शहाणी निघाली. मराठीत पाण्याला उकळी 'फुटते'. आधण ठेवलं की आधी भांड्याच्या बुडाशी बारीक सूं सूं ऐकू येते, मग कडेने मोत्यांसारखे बुडबुडे धरतात, मग उकळी फुटते, आणि मग ते खळखळतं किंवा खदखदतं. आमच्याकडे चतुर्थीला भाज्यांचं खतखतं होतं. चुलीवर खतखत आवाज करत शिजतं म्हणून ते खतखतं, असं आई सांगते. हे सगळे शब्द बुडबुड्याचे आहेत. तापमानाचा त्यात एकही नाही. पाणी तापणं ही एक गोष्ट आणि त्याला उकळी फुटणं ही दुसरी. फुटायला कुठेतरी तडा जावा लागतो, फट लागते, जागा लागते.

घरातल्या भांड्यात ती जागा आयती असते. ॲल्युमिनियमच्या टोपाच्या बुडाला डोळ्यांना न दिसणारे लाखो ओरखडे असतात आणि त्यांच्यात हवेचे कण अडकून बसलेले असतात. पाण्याची वाफ या कणांत शिरते, त्यांना फुगवते, आणि ते सुटून वर येतात. म्हणजे आपण रोज बघतो ते बुडबुडे शून्यातून निघालेले नसतात, त्यांची बीजं आधीच तिथे पडलेली असतात. गुळगुळीत काचेला ओरखडे नाहीत. एकदा तापून निवलेल्या पाण्यातली विरघळलेली हवाही निघून गेलेली. आईच्या मगात पाण्याकडे उष्णता भरपूर होती, पण वाफ व्हायला कोपराच नव्हता. पूड पडली, पुडीच्या प्रत्येक कणाबरोबर हवेचे हजार कोपरे आत गेले, आणि अडून बसलेली सगळी वाफ एकाच क्षणी मोकळी झाली.

मला चटका बसला तो याचा, की हे मला ठाऊक होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन करताना चंबूत चिनीमातीचे तुकडे टाकायचे असतात. 'द्रव एकदम उसळू नये म्हणून', असं कारण मी फळ्यावर लिहून देत आले. परीक्षेत त्याला एक गुण असतो. त्या एका गुणाच्या वाक्यात आईचा हात होता.

तेव्हापासून लहान जागेतलं पाणी हा माझा ध्यास झाला. मिळेल ते वाचलं, ओळखीच्यांना विचारलं, काही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या.

सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कातड्यासारखा वागतो, हे आपण शाळेत शिकतो. बुडबुडा म्हणजे चहूबाजूंनी हे कातडं. ते बुडबुड्याला आतल्या बाजूला दाबतं, आणि बुडबुडा जितका लहान तितका हा दाब जास्त. १८०५ आणि १८०६ या लागोपाठच्या वर्षांत इंग्लंडमध्ये थॉमस यंग आणि फ्रान्समध्ये लाप्लास यांनी हे मांडलं. एक मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यावर हा जादा दाब नगण्य असतो, वातावरणाच्या दाबाच्या हजारातला एक भाग. पण त्रिज्या एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा, एवढी असेल तर तोच दाब एका वातावरणाच्याही वर जातो. हवेचा एक आणि हा एक, असे दोन्ही दाब तोलून धरायचे तर आतली वाफ सुमारे १२० अंशांची हवी. डाळ-भाताच्या कुकरमध्ये साधारण तेवढाच दाब आणि तेवढंच तापमान असतं. इवलासा बुडबुडा जन्मतानाच डोक्यावर कुकरची शिटी घेऊन येतो म्हणा ना. ती शिटी उचलण्याइतकी वाफ असेल तर तो जगतो, वाढतो, आणि वाढला की दाब आपोआप कमी होत जातो. नाहीतर तिथेच चिरडून पुन्हा पाणी होतो. मोठ्या बुडबुड्याला सगळं सोपं असतं, खरी लढाई त्याने लहान असताना मारलेली असते.

मग बीजच नसेल तर पाणी कुठवर तापेल? १९७२ साली रॉबर्ट ॲपफेल या अमेरिकी शास्त्रज्ञाने पाण्याचा बारीक थेंब दुसऱ्या द्रवात अधांतरी ठेवून, म्हणजे कुठल्याही भांड्याच्या भिंतीला लागू न देता, साध्या वातावरणीय दाबाला २७९.५ अंशांपर्यंत नेला. द्रवच. उकळी नाही. ३०० अंशांच्या आसपास मात्र पाण्याला भिंतीची, ओरखड्याची कशाचीच गरज राहत नाही, रेणूंच्या स्वतःच्याच धक्काबुक्कीत पोकळी पडते. आमच्या शाळेच्या कार्यालयात प्रश्नपत्रिका छापणारा शाईचा छोटा प्रिंटर आहे, तो याच स्फोटावर चालतो. केसाएवढ्या नळीत शाई, तिच्या भिंतीला एक इवला तापक. काही मायक्रोसेकंदांत शाईचा पातळसा थर ३०० अंशांजवळ पोचतो, वाफेचा बुडबुडा फुटतो आणि पुढचा थेंब कागदावर ढकलतो. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला गरम सोल्डरिंग आयर्न लागलं आणि शाईची चिळकांडी उडाली, त्यातून ही कल्पना सुचली. सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेतलं 'पाणी किती अंशाला उकळते?' हे वाक्यही असल्या हजारो उकळ्यांनीच छापलं जातं.

स्वयंपाकघरातही हेच. मोहरीचा दाणा हा वाटाण्याच्याही कितीतरी पट लहान कुकर आहे. आत थोडीशी ओल, बाहेर घट्ट साल, भोवती कडकडीत तेल. वाफेला पसरायला जागा नाही म्हणून ती सालीला रेटत राहते, आणि साल हरली की तड! आई तव्यावर हात धरून तेल तापल्याचं सांगते, पण फोडणी झाली हे ती मोहरीच्या आवाजावरूनच ठरवते. मक्याच्या दाण्याची लाही साधारण १८० अंशांना फुटते. त्या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दहापट असतो. दाण्याचं साल तेवढं सोसतं, त्यापुढे नाही.

पण ज्या पाण्याने मला खरोखर धरून ठेवलं ते एका दगडातलं आहे.

बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. आमच्या तालुक्यात तेव्हा घरटी एक तरी माणूस खाणीवर असायचा. ते लाल होऊन घरी यायचे. शर्ट, भुवया, चपला, सगळं लोहखनिजाच्या धुळीने माखलेलं. एकदा त्या लाल हातातून त्यांनी एक पांढरीशुभ्र गारगोटी आणली, मुठीएवढी, दुधाळ. रात्री दिवे मालवून ती दुसऱ्या गारगोटीवर घासून आम्हा भावंडांना तिच्यातला उजेड दाखवला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहिला, मग विकला गेला. बाबाही गेले. गारगोटी खिडकीत राहिली.

माझी एक जुनी विद्यार्थिनी भूशास्त्र शिकते. गेल्या वर्षी घरी आली, खिडकीतला दगड हातात घेऊन म्हणाली, "टीचर, ह्याच्यात पाणी असणार." मला वाटलं गंमत करते आहे. तिने एका कोपऱ्यातली चकती कापून, दोन्ही बाजूंनी घासून काचेसारखी पातळ केली आणि मला तिच्या कॉलेजात बोलावलं.

सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तेव्हा दुधाळ दगड दुधाळ का हे कळलं. तो रंग नव्हताच. नितळ काचेसारख्या स्फटिकात असंख्य इवल्या खोल्या होत्या, आणि त्यांच्यावर प्रकाश विखरून आपल्याला पांढरं दिसत होतं. तिने भिंग बदललं. एक खोली पुढे आली, वाकड्या चौकोनी पेटीसारखी, रुंदी दहा-बारा मायक्रॉन. आपल्या डोक्याच्या केसात अशा पाच-सहा शेजारी शेजारी बसतील. खोलीत पाणी आणि पाण्यात एक गोल काळसर बुडबुडा. तो हलत होता. कुणी हात लावत नव्हतं, टेबल स्थिर होतं, तरी तो त्या कोंडलेल्या जागेत थरथरत, भिंतींना चाटत फिरत होता. रेणूंच्या धक्क्यांनी हलतो, ती म्हणाली. म्हणजे मी झोपले असताना, शाळेत असताना, ट्रक विकला त्या दिवशीसुद्धा, खिडकीत तो हलतच होता. मी कितीतरी वेळ डोळा वर घेतला नाही.

त्या बुडबुड्यात हवा नाही. हा स्फटिक जमिनीत खोल, गरम पाण्याच्या शिरेत वाढला. वाढताना त्याच्या पोटात पाण्याचे थेंब अडकले. तेव्हा खोली पाण्याने पूर्ण भरलेली होती. पुढे सगळं निवलं. निवताना पाणी दगडापेक्षा जास्त आकसतं, म्हणून खोलीत थोडी जागा उरली, आणि तिथे पाण्याच्या विरळ वाफेचा बुडबुडा झाला. हेन्री सॉर्बी या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५८ मध्येच सांगितलं होतं, की दगड पुन्हा तापवून बुडबुडा नाहीसा होईपर्यंत थांबलं तर तो किती उष्णतेत घडला याचा अंदाज येतो.

आम्ही तो तापवला. सूक्ष्मदर्शकाखालीच छोटी तापपट्टी असते, शेजारी आकडे दिसतात. माझ्या मनात अजून शाळेतलं पाणी होतं. ९० झाले, ९५ झाले. १०० ला मी श्वास रोखला. काहीच झालं नाही. उलट बुडबुडा लहान होत होता! पाणी फुगत होतं आणि बुडबुड्याची जागा खात होतं. १५०. बुडबुडा टिंबाएवढा, आणि जितका लहान तितका जास्त सैरभैर. २०० च्या थोडं पुढे तो डावीकडच्या कोपऱ्यात गेला, एकदा थरथरला, आणि नव्हता. खोलीभर नुसतं पाणी. दोनशे अंशांचं, संपूर्ण, निःशब्द द्रव पाणी. चुलीवर उष्णता दिली की बुडबुडे येतात, इथे उष्णता दिली आणि असलेला बुडबुडा मिटला. कारण इथे पाण्याला पसरायला आभाळ नव्हतं, भिंत होती.

मग तिने पट्टी निववायला घेतली. "आता बघा टीचर, तो लगेच परत यायचा नाही." आकडा २०० च्या खाली आला. बुडबुडा नाही. १९०, १८०. पाणी आकसत होतं, पण पोकळी करायला त्याला बीज मिळत नव्हतं. आईच्या मगासारखंच, फक्त उलट्या वाटेने. ते भिंतींना चिकटून ताणलं जात होतं. दाबलेलं पाणी आपण समजू शकतो. ताणलेलं पाणी मी त्याआधी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. १९९१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन एंजेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असल्याच स्फटिकातल्या खोल्यांत पाणी उणे १४०० वातावरणांपर्यंत ताणलं जातं असं दाखवलं. सेंटिमीटरभर चौरसावर दीड टनाच्या आसपास ओढ, आणि तरी ते तुटत नाही. आमचं पाणी तिथवर गेलं नसणार. १७० च्या आसपास पापणी लवते न लवते तोच बुडबुडा परत हजर होता, आधीच्याच आकाराचा. मोठा होताना तो दिसलाच नाही. निववताना फुटलेली उकळी. तिला उकळी म्हणावं की नाही यावर पुस्तकात वेगळा शब्द असेल, मी मनात उकळीच म्हटलं.

घरी येताना बसमध्ये मला वाटत होतं, ताणलेलं पाणी ही फार दुर्मिळ चीज आपण पाहिली. ती आमच्या परसात उभी आहे हे नंतर वाचनात आलं. माड!

पंपाने वरून हवा ओढून पाणी चढवायचं तर ते १०.३ मीटरच्या वर जात नाही, मग पंप कितीही मोठा असो. हवेचा दाब तेवढंच उचलू शकतो. आमच्या विहिरीजवळचा आजीने लावलेला माड त्याच्या दुप्पट तरी आहे. झावळांतून पाणी उडून जातं आणि ते जाताना मागच्या पाण्याला ओढून घेतं, रेणूला धरून रेणू, थेट मुळांपर्यंत. डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये हे मांडलं तेव्हा अनेकांना ते पटेना, कारण एवढ्या ताणाखाली पाण्याने तत्क्षणी वाफ व्हायला हवं. भर दुपारी पुष्कळ झाडांतलं पाणी उणे १० ते २० वातावरणांवर असतं. भौतिकशास्त्राच्या हिशोबाने ते उकळायला टेकलेलंच आहे. त्याला उकळू न देणारे दोन राखणदार आहेत. खोडातल्या बारीक नळ्यांच्या भिंती पाण्याला घट्ट धरतात, हवेला कोपरा ठेवत नाहीत. आणि एका नळीतून दुसरीत जाणारी छिद्रं मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असतात. त्यातून बुडबुड्याला यायचं तर पुन्हा तीच लाप्लासची शिटी, आता कैकपट जड. कधी कधी एखादी नळी हरते. पाणी तुटतं, नळीभर वाफ होते, आणि बारीक टिकटिक होते. ती टिकटिक १९६६ पासून शास्त्रज्ञ उपकरणांनी ऐकत आले आहेत.

इतर झाडं दरवर्षी नवं लाकूड धरतात, नव्या नळ्या करतात. माडाला ती सोय नाही. त्याचं खोड पुढे जाड होत नाही. तरुणपणी ज्या नळ्या झाल्या त्यांच्यावरच त्याला म्हातारपण काढायचं असतं. आजी गेली तरी तिच्या माडाच्या त्याच नळ्या रोज दुपारी ताणल्या जातात. उन्हाच्या वेळी खोडाला कान लावून मी बऱ्याचदा उभी राहिले आहे. त्या टिकटिकीचा बराचसा भाग माणसाच्या कानापलीकडचा असतो हे माहीत असूनही.

जागा आणखी लहान केली तर? २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मायकेल स्ट्रॅनो यांच्या गटाने पाणी कार्बनच्या नॅनोनळ्यांत भरलं. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा हिस्सा. पाण्याचा रेणू साधारण पाव नॅनोमीटरचा, नळीची रुंदी साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे शेजारी शेजारी मोजकेच रेणू मावतील एवढी. आत काय चाललं आहे हे त्यांनी रामन वर्णपटावरून, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगांवरून ओळखलं. तोच रामन परिणाम, ज्याच्यासाठी आम्ही शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन करतो. १.०५ नॅनोमीटरच्या नळीत पाणी १०५ अंशांच्याही वर गोठलेल्यासारखं राहत होतं. चुलीवरचं पाणी ज्या तापमानाला खदखदतं, त्याच तापमानाला हे पाणी घट्ट. आणि नळी १.०६ ची केली की पुन्हा हिशोब वेगळा. एका नॅनोमीटरच्या शंभराव्या हिश्श्याने! तिथे उकळी हा शब्दच लागू होत नाही असं मला वाटतं. फुटायला जितके रेणू लागतात तितके तिथे हजरच नसतात.

वर्गात मी आता ते वाक्य असं सांगते: उघड्या भांड्यात, समुद्रसपाटीच्या हवेत, बुडबुड्याला जागा मिळाली तर पाणी १०० अंशांना उकळतं. वाक्य लांब झालं आहे. मुलं कुरकुरतात. एकाने विचारलं, "टीचर, परीक्षेत कुठलं लिहायचं?" मी म्हटलं, दोन्ही लिही.

आईला हे सगळं सांगायला मला वेळ लागला. गारगोटीतला बुडबुडा मी तिला फोनवर चित्रित करून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, मग "तुझ्या बाबांनी आणली तेव्हापासून हा असाच?" एवढंच विचारलं. मगाबद्दल मी तिची माफी मागितली. तिने हात झटकला.

मायक्रोवेव्ह ती अजून वापरते. मी तिला म्हटलं होतं, तापवण्याआधी मगात लाकडाची काडी टाकत जा, तिच्यात हवा असते, बुडबुड्यांना तिथून वाट मिळते. काडी कुठून आणणार? तिने परसातल्या पडलेल्या झावळीचा वाळका हीर काढला, बोटभर तुकडे केले, धुऊन बरणीत भरले. आता रोज सकाळी कषायाच्या पाण्यात एक तुकडा पडतो. मी मायक्रोवेव्हच्या काचेला नाक लावून बघते. आधी काही होत नाही. मग हिराच्या कापलेल्या टोकाशी, जिथे माडाच्या त्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात, तिथून एक बुडबुडा डोकावतो, सुटतो, आणि त्याच्यामागे दुसरा, आणि मग सबंध माळ.